रॉकेटला वेळ कोण सांगते?

प्रश्न : लेकीकडे कोलोरॅडोला गेलो असताना जुलैतल्या एका शनिवारी नातवाच्या मॉडेल रॉकेट क्लबचा उड्डाणदिन पाहिला. पुठ्ठ्याच्या नळीची, हलक्या लाकडाच्या पंखांची हातभर उंचीची रॉकेटे एकामागून एक सूंकन वर जात होती. वर जाताना धुराची बारीक रेघ सोडत आणि पार वर पोहोचली की पॅराशूट उघडून अलगद खाली येत. नातवाच्या रॉकेटमध्ये मी डोकावून पाहिले. आत बॅटरी नाही, घड्याळ नाही, एकही तार नाही. मग पॅराशूट नेमके केव्हा उघडायचे हे त्याला सांगते कोण? नातू म्हणाला, "मोटरवरच लिहिलंय आजोबा, वाचा ना." मोटरवर 'सी६-५' एवढेच होते. उलगडून सांगाल का? मनात आणखीही बरेच प्रश्न आहेत, तेही खाली लिहितो.
— एक आजोबा, नाशिक

उत्तर : नातवाने बरोबर सांगितले, फक्त थोडक्यात सांगितले. ती तीन अक्षरे म्हणजे त्या मोटरची पूर्ण कुंडली आहे.

पहिले अक्षर मोटरचा एकूण आवेग सांगते, म्हणजे किती जोर किती वेळ लागला याचा गुणाकार. 'ए' मोटरचा आवेग जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद, 'बी'चा पाच, 'सी'चा दहा. प्रत्येक पुढच्या अक्षराला कमाल मर्यादा दुप्पट होते. मधला सहाचा आकडा सरासरी जोराचा आहे. सहा न्यूटन म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम वजन उचलायला लागतो तेवढा जोर. आणि शेवटचा पाच हे तुमच्या प्रश्नाचे उत्तर. इंधन संपल्यावर ही मोटर पाच सेकंद थांबते आणि मग पॅराशूट बाहेर ढकलते.

ती थांबते कशी, हे कळायला मोटर उभी चिरल्यासारखी डोळ्यांसमोर आणा. (प्रत्यक्षात चिरू नका.) सात सेंटिमीटर लांबीची जाड कागदी नळी. तळाशी दाबून बसवलेल्या चिकणमातीत एक भोक, त्यातून ज्वाळा बाहेर पडते. त्यावर घट्ट दाबलेली बंदुकीची दारू, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, दहा-बारा ग्रॅम. ती दोन सेकंदांच्या आत जळून जाते. तिच्यावर दुसऱ्या मसाल्याचा थर असतो. हा सावकाश जळतो, रॉकेटला पुढे ढकलत नाही, फक्त धूर सोडतो. मोटर विझल्यावरही तुम्हाला जी रेघ दिसत होती ती याच थराची. थराची जाडी कारखान्यात ठरलेली असते, त्यामुळे तो जळायला किती सेकंद लागणार हेही ठरलेले असते. आग त्याच्या वरच्या टोकाला पोहोचली की तिथली चिमूटभर मोकळी दारू भडकते, तिचा वायू वरच्या बाजूला उसळतो आणि टोकाचा शंकू उडवून पॅराशूट बाहेर काढतो. पॅराशूट जळू नये म्हणून त्याच्याखाली न पेटणाऱ्या कागदाचे बोळे कोंबलेले असतात. थोडक्यात, रॉकेटमध्ये घड्याळ होते, ते मोटरीतच जळत होते.

ही वाट पाहायची कशासाठी? इंधन संपते त्या क्षणी रॉकेटचा वेग सर्वांत जास्त असतो, लहानग्या रॉकेटचाही ताशी दोन-तीनशे किलोमीटर. त्या वेगात पॅराशूट उघडले तर फाटते, किंवा त्याची दोरी पुठ्ठ्याची नळी उभी कापत जाते. म्हणून हवेच्या आणि गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने वेग कमी होऊ द्यायचा आणि रॉकेट शिखरावर जवळजवळ थबकले की पॅराशूट सोडायचे. फार उशीर झाला तर ते नाक खाली करून पुन्हा वेग घेते. जड रॉकेट लवकर थबकते, त्याला 'सी६-३' लागते. हलके, सडपातळ रॉकेट बराच वेळ वर जात राहते, त्याला 'सी६-७'. शेवटी शून्य असलेली मोटरही मिळते. ती दोन टप्प्यांच्या रॉकेटमध्ये खाली बसते आणि संपता संपता वरची मोटर पेटवते.

एक लक्षात घ्या, या घड्याळाला उंची कळत नाही. रॉकेट वाऱ्याने तिरपे झाले तरी ते पाच सेकंदच मोजणार. म्हणून कोणत्या वजनाला कोणता आकडा, हे बनवणाऱ्याने आधी जाणायचे असते. तुमच्या नातवाने हा हिशेब केला होता, म्हणूनच त्याने तुम्हाला मोटर वाचायला सांगितली.

प्रश्न : दहा-बारा वर्षांची पोरे आणि हातात दारू भरलेल्या नळ्या! माझ्या पोटात गोळा आला. पण तिथे कोणीच घाबरलेले दिसले नाही. एवढा विश्वास कशाच्या जोरावर?

उत्तर : एका बुटांच्या दुकानदाराच्या जोरावर. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑरव्हिल कार्लाइल यांचे बुटांचे दुकान होते आणि त्यांना शोभेच्या दारूचा नाद होता. भाऊ रॉबर्ट मॉडेल विमाने उडवत असे. रॉकेट कसे चालते हे लोकांना दाखवण्यासाठी दोघांनी १९५४ मध्ये कागदाचे एक छोटे रॉकेट तयार केले. पॅराशूटने परत येणारे, नवी मोटर घालून पुन्हा उडणारे.

तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेतल्या पोरांना रॉकेटचे वेड लागले. लोखंडी नळ्यांत हाती लागेल ते रसायन ठासून घरच्या तळघरात रॉकेटे बनू लागली. अनेकांची बोटे गेली, काहींचे जीव गेले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कार्लाइल यांनी आपले नमुने न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र तळावर काम करणाऱ्या हॅरी स्टाइन यांच्याकडे धाडले होते. स्टाइन यांना त्यात एक वाट दिसली. त्यांनी अशा रॉकेटांची कंपनी काढली, राष्ट्रीय संघटना उभी केली आणि सुरक्षेचे नियम लिहिले. मोटरी मोठ्या संख्येने आणि एकसारख्या बनवण्याचे काम डेन्व्हरच्या व्हर्न एस्टिस यांनी अंगावर घेतले. त्यांच्या घरचा शोभेच्या दारूचा व्यवसाय होता. त्यांनी मोटरी दाबून भरणारे यंत्र उभारले, त्याला 'मेबल' नाव ठेवले, आणि ते दर साडेपाच सेकंदांना एक मोटर तयार करू लागले. पुढे हा कारखाना कोलोरॅडोतल्याच पेनरोज गावी गेला.

या साऱ्यात कामाची एक वाटणी झाली आणि सगळा विश्वास तिच्यावर उभा आहे. दारू मळणे, दाबणे, भरणे हे जिवावरचे काम माणसाच्या हातून काढून यंत्राकडे दिले. नळी, पंख, तोल, वजन, पॅराशूट, वारा हे डोके चालवायचे काम मुलाकडे ठेवले. क्लबच्या नियमांत मोटर स्वतः बनवायला किंवा विकतच्या मोटरीत फेरफार करायला साफ मनाई असते. रॉकेट कागद, लाकूड, हलके प्लास्टिक यांचेच हवे, धातूचे नको. फुटले तरी पुठ्ठ्याचे तुकडे होतील, लोखंडाचे नव्हे.

दाबून भरण्याचे एवढे महत्त्व का? घन इंधन फक्त उघड्या पृष्ठभागावर जळते. आत बारीक तडा असेल तर आग तड्यात शिरते, जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो, दाबामुळे जळणे आणखी वेगाने होते आणि नळी फुटते. शिवाय घन इंधन एकदा पेटले की विझवता येत नाही. हा नियम नातवाच्या बारा ग्रॅमला लागू आहे, तसा आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातल्या १३८ टनांनाही. आपल्याकडे घन इंधनाचा पाया घालणाऱ्यांत पुण्याचे वसंत गोवारीकर अग्रणी होते. पुढे १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले.

प्रश्न : नंबर लागण्याआधी एका गृहस्थांनी नातवाचे रॉकेट मधोमध दोरीला बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायला लावले. ही काय पद्धत?

उत्तर : ती परीक्षा आहे, आणि फुकटातली सर्वांत चांगली. रॉकेट ज्या बिंदूवर तोलून धरता येते तो त्याचा गुरुत्वमध्य. हवेचा एकत्रित दाब जिथे लागतो तो दाबमध्य. रॉकेट सरळ जायचे असेल तर गुरुत्वमध्य पुढे, नाकाच्या बाजूला, आणि दाबमध्य मागे, पंखांच्या बाजूला हवा. दोघांत निदान नळीच्या व्यासाएवढे अंतर ठेवतात. मग रॉकेट जरा कलले की हवा त्याची शेपटी ढकलून पुन्हा सरळ करते. उलटे झाले तर तीच हवा कल वाढवते आणि रॉकेट कोलांट्या खात माणसांकडेही वळू शकते. मोटर घातलेले रॉकेट गुरुत्वमध्याशी दोरी बांधून फिरवले आणि ते नाक पुढे करून फिरले, तर पास. शेपटी पुढे आली, तर नाकात थोडे वजन घालायचे किंवा पंख मोठे करायचे.

नासाच्या गोडार्ड केंद्रातले अभियंते जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये दाबमध्य कागदावर काढायची सूत्रे मॉडेल रॉकेटवाल्यांपुढे मांडली. आजचे संगणकी कार्यक्रमही त्याच सूत्रांवर चालतात. दिवाळीच्या बाणाची लांब काडी हेच काम करते, दाबमध्य मागे नेते. या रॉकेटांना पंख असतात, म्हणून काडी लागत नाही. मात्र सुरुवातीला वेग कमी असताना पंख निकामी असतात. म्हणून रॉकेटवर स्ट्रॉसारखी एक छोटी नळी चिकटवून ती सुमारे मीटरभर लांबीच्या सळईत ओवतात. सळई संपेपर्यंत पंखांना पुरेसा वारा लागलेला असतो.

प्रश्न : सगळे एकत्र उलटे आकडे म्हणतात. हौस म्हणून की काही कारण आहे?

उत्तर : दोन्ही. नियमानुसार उड्डाण विजेने करायचे. लहान मोटरींसाठी निदान १५ फूट आणि मोठ्यांसाठी ३० फूट दूर उभे राहायचे. बटणाच्या पेटीला किल्ली असते. ती काढलेली असली की बटण दाबूनही मोटर पेटवणारी तार तापत नाही. कोणी रॉकेटपाशी काही जोडत असेल तोवर किल्ली खिशात. रॉकेट पेटले नाही तर किल्ली काढून पूर्ण एक मिनिट कोणी जवळ जायचे नाही. उलटी गणती याच शिस्तीचा भाग. एक, दोन, तीन असे मोजले तर कधी उडणार ते कोणालाच कळत नाही. पाच, चार, तीन म्हटले की गर्दीतल्या शेवटच्या माणसालाही शेवट कळतो आणि सगळे वर पाहतात.

हौसेची बाजू अशी की ही गणती अवकाशतळाआधी पडद्यावर गाजली. फ्रित्झ लांग यांच्या १९२९ च्या जर्मन मूकपटात चंद्राकडे निघालेल्या रॉकेटला उलटी गणती होती, आणि त्या चित्रपटाचे सल्लागार होते रॉकेटशास्त्रातले आद्य जाणकार हरमान ओबर्थ.

प्रश्न : दुपारी एक रॉकेट पॅराशूट उघडल्यावर खाली यायच्या ऐवजी आणखी वर चढले आणि लांब नाहीसे झाले. त्यानंतर सगळ्यांनी पॅराशूट काढून फिती लावल्या. तसेच मोटरींची खोकी गाडीत न ठेवता सावलीत आणून ठेवली होती. उन्हाळ्याचा काय संबंध?

उत्तर : उन्हाळ्यातल्या उड्डाणदिनाचे हेच वेगळेपण. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन खांबासारखी वर चढते. आपल्याकडे भरदुपारी घारी पंख न हलवता घिरट्या घालतात त्या याच हवेत. चाळीस-पन्नास ग्रॅमचे रॉकेट मोठ्या पॅराशूटखाली अशा हवेत सापडले तर ते घारीच्याच वाटेने जाते. काही स्पर्धांत सर्वांत जास्त वेळ हवेत राहणारा जिंकतो. तिथले खेळाडू मुद्दाम असा खांब शोधतात. बाकीचे पॅराशूटला मध्ये भोक पाडतात किंवा त्याऐवजी लांब फीत लावतात, म्हणजे रॉकेट लवकर उतरते.

साधा हिशेब करून पाहा. रॉकेट तीनशे मीटरवर उघडले आणि सेकंदाला पाच मीटर वेगाने उतरले, तर त्याला एक मिनिट लागेल. वारा ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पाच मीटर असेल, तर तेवढ्यात ते तीनशे मीटर वाहून जाईल. 'सी' मोटरसाठी मैदानाची सर्वांत कमी बाजूही ४०० फूट, म्हणजे १२० मीटरच्या वर हवी असा नियम आहे. पण तीनशे मीटर वाहणाऱ्या रॉकेटला तेवढेही मैदान अपुरे. म्हणून सळई वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला थोडी कलवतात, म्हणजे परतताना वारा रॉकेट माघारी आणतो. तरी उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त कलवायचे नाही आणि वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेला की खेळ बंद. रॉकेट विजेच्या तारांवर अडकले तर त्याचा नाद सोडायचा. ते काढायला कोणी चढायचे नाही, हेही नियमातच आहे.

सावलीचे कारण वर आले त्यातच आहे. बंद गाडीत मोटर तापते, रात्री थंड होते. फुगणे-आकसणे चालू राहिले की दाबलेली दारू नळीच्या भिंतीपासून सुटते किंवा तिला तडा जातो, आणि तडा म्हणजे स्फोट. तिसरी गोष्ट वाळलेले गवत. म्हणून सळईखाली ज्वाळा अडवणारा पत्रा असतो, आसपास गवत नसते आणि विझवायची सोय हाताशी असते. कोलोरॅडोत उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढून आगीवर बंदी आली, तर असे दिवस रद्दही होतात.

प्रश्न : नातवाचे रॉकेट किती उंच गेले हे त्यांनी कसे सांगितले?

उत्तर : जुनी रीत त्रिकोणमितीची. उड्डाणस्थानापासून १०० मीटरवर उभे राहून कोनमापकातून शिखर पाहायचे. कोन ४५ अंश आला तर उंची १०० मीटर, ६० अंश आला तर सुमारे १७३ मीटर. त्यात निरीक्षकाच्या डोळ्यांची उंची मिळवायची. रॉकेट तिरपे गेले तर हा हिशेब फसतो, म्हणून दोन ठिकाणांहून दोघे मोजतात. नवी रीत म्हणजे काही ग्रॅम वजनाचे दाबमापक रॉकेटमध्येच घालणे. उंच जाल तसा हवेचा दाब घटतो. दाबमापक तो मोजते आणि खाली आल्यावर उंची दाखवते. त्यासाठी नळीला बारीक भोके ठेवावी लागतात, नाहीतर आत कोंडलेली हवा खोटे बोलते.

डेन्व्हरच्या परिसरात आणखी एक गंमत. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर आहे. तिथली हवा जवळपास सातव्या हिश्शाने विरळ असते, त्यामुळे तेच रॉकेट मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा थोडे उंच जाईल. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वांत उंच जाणाऱ्याला बक्षीस नसते. ठरवून दिलेल्या उंचीच्या आणि वेळेच्या जास्तीत जास्त जवळ जायचे आणि आत ठेवलेले कच्चे अंडे न फुटता परत आणायचे, अशी अट असते. जोर लावण्यापेक्षा हिशेब करणे अवघड असते, हे मुलांना त्या अंड्याइतके कोणी शिकवत नाही.

प्रश्न : नाशकात दुसरा नातू आहे. येताना बॅगेतून दोन मोटरी आणू का? नाहीतर दिवाळीच्या बाणातली दारू वापरता येईल?

उत्तर : दोन्हींना नाही. अशी मोटर विमानात हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि सामानातही नाही. भारतात ती स्फोटकांच्या १८८४ च्या कायद्यात आणि २००८ च्या नियमांत येते. आयात आणि साठवण परवान्याशिवाय करता येत नाही. परवाने देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. मोटर नसलेले रॉकेट मात्र खुशाल आणा, शोभेलाही आणि शिकायलाही. फटाक्यांतली दारू काढणे हा तर त्याच तळघरांतल्या अपघातांचा रस्ता आहे. घासण्याने किंवा एका ठिणगीने ती हातात पेटते. त्या वाटेला नातवाला फिरकूही देऊ नका.

पण नाशिकच्या नातवाचा उड्डाणदिन चुकायला नको. शीतपेयाची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. साधी पाण्याची पातळ बाटली नको. पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवा आणि बाटलीच्या तळाशी, म्हणजे रॉकेटच्या नाकाशी, मातीचा गोळा लावा. एक तृतीयांश पाणी भरा, सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवलेले घट्ट बूच लावा, बाटली उलटी उभी करा आणि लांब नळीच्या पंपाने दुरून हवा भरा. दाब पुरेसा झाला की बूच निसटते, पाणी खाली फेकले जाते आणि बाटली वर जाते. डोळ्यांवर चष्मा हवा, बाटलीवर वाकून कोणी पाहायचे नाही, चरे पडलेली बाटली टाकून द्यायची, मैदान मोकळे हवे. इथेही कामाची वाटणी तीच राहते. दाब सोसणारी बाटली कारखान्याने सोडावॉटरचा दाब धरून बनवलेली असते. पंख किती, वजन किती, पाणी किती हे मुलाने ठरवायचे.

दोरीने फिरवायची परीक्षा इथेही चालते. उंची मोजायला शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि वजन लावलेला दोरा पुरतो. पाणी कधी कमी, कधी जास्त भरून प्रत्येक वेळी कोन लिहून ठेवायला सांगा. दहा-पंधरा उड्डाणांनंतर किती पाण्याला रॉकेट सर्वांत उंच जाते हे तो स्वतःच तुम्हाला सांगेल. तेव्हा कोलोरॅडोच्या भावाला फोन लावून द्या. दोघांना बोलायला भरपूर असेल, कारण इंधन वेगळे असले तरी हिशेब एकच आहे.